सोळा लक्ष सत्तावन्न हजार पाचशे शहात्तर

अंकविचार : लेखांक नववा

गेल्या काही लेखांकांत आपण लहान संख्यांचे स्वभाव पाहिले, आणि त्या ओघात अवयव कसे पाडावेत, मूळ संख्या कोणतीस म्हणावे, वर्ग आणि वर्गमूळ यांचे नाते काय, याची पुरेशी उजळणी झाली. आता प्रश्न असा उभा राहतो की, हे स्वभाव पाटीवरच्या लहान संख्यांपुरतेच आहेत, की लक्षांच्या घरातील एखादी संख्या उचलली तरी तिच्याही ठायी तितकाच रेखीव आणि स्वतंत्र स्वभाव आढळतो? याचे उत्तर देताना संख्या स्वतः शोधून काढण्याचा मोह टाळला पाहिजे. कारण ज्याला चमत्कारच दाखवायचा आहे त्याला चमत्कारिक संख्या निवडणे कठीण नाही, आणि तशा निवडीने वाचकाचे कुतूहल क्षणभर चाळवले तरी त्याची खात्री पटत नाही. म्हणून या आठवड्यात जी संख्या घ्यावयाची ती कोणा गणितज्ञाने निवडलेली नाही. ती सरकारी दप्तरातून आपल्या हाती आली आहे. २०११ सालच्या खानेसुमारीत, तेव्हा उस्मानाबाद या नावाने नोंदलेल्या आणि आता धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ इतकी भरली. हीच ती संख्या.

तुळजापुरास नवरात्रात लाखो भाविक येतात असे आपण म्हणतो, तेव्हा त्या 'लाखो' शब्दात अदमास असतो, गणना नसते. दहा हजार माणसे इकडची तिकडे झाली तरी वाक्य खोटे ठरत नाही. खानेसुमारीच्या संख्येची जात निराळी. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत प्रगणक, आणि त्यांत बहुसंख्य शाळामास्तर, उंबरठ्या-उंबरठ्यावर जाऊन नावे लिहून घेत होते. ज्यांना घर नाही त्यांची नोंद २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. आणि १ मार्चच्या प्रारंभीचा मध्यरात्रीचा क्षण प्रमाण धरून, त्यानंतर जन्मलेल्यास वगळावे व त्याआधी निवर्तलेल्याचे नाव कमी करावे, असा नियम होता. परंडा, भूम, वाशी, कळंब, धाराशिव, तुळजापूर, लोहारा आणि उमरगा या आठ तालुक्यांतून एकेक मनुष्य मोजून जी बेरीज झाली तिच्यातील शेवटचा ६ हा आकडादेखील म्हणूनच अर्थपूर्ण आहे. २०२१ साली व्हावयाची गणना लांबणीवर पडल्यामुळे ही संख्या कचेऱ्यांच्या कागदांतून अजून वावरते. धान्याचा कोटा, पाण्याची मागणी, शाळांची तरतूद अशा अनेक हिशोबांच्या मुळाशी ती असते. परंतु तिच्या उपयोगाचा विचार बाजूस ठेवून, तिच्याकडे निव्वळ संख्या म्हणून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

प्रथम अवयव पाडू. संख्या सम आहे हे उघडच दिसते. पण दोनाने किती वेळा भाग जातो हे पाहण्यासाठी सबंध संख्येला हात लावण्याचे कारण नाही. हजाराला आठाने निःशेष भाग जातो, म्हणून हजारांच्या स्थानापासून डावीकडे जे काही असेल त्यालाही तो जाणारच. शिल्लक राहतात ते शेवटचे तीन अंक, ५७६. आठ बाहत्तरे पाचशे शहात्तर, तेव्हा सबंध संख्येला आठाने भाग जातो आणि भागाकार येतो २,०७,१९७. जिल्ह्याचे तालुके आठ. म्हणजे प्रत्येक तालुक्यामागे सरासरी लोकसंख्या अपूर्णांकाची किंचितही कटकट न होता नेमकी २,०७,१९७ निघते. प्रत्यक्षात तालुके लहानमोठे आहेत, आणि ही सरासरी कोणा एका तालुक्याची खरी लोकसंख्या नव्हे. शिवाय असा भाग जावा यामागे काही योजना होती असेही नाही. २००१ सालची जिल्ह्याची लोकसंख्या १४,८६,५८६ होती, आणि तिला आठाने तर नाहीच, चारानेही भाग जात नाही.

मौज पुढे आहे. या २,०७,१९७ चे आणखी अवयव पडतात काय? येथे दीर्घ श्रमाचा रस्ता आहे आणि त्याला आडवाट नाही, निदान कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला नाही. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील तर त्यांपैकी लहान अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही, हे आपण तिसऱ्या लेखांकात सिद्ध केले आहे. ४५५ चा वर्ग २,०७,०२५ आणि ४५६ चा वर्ग २,०७,९३६. तेव्हा ४५५ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. अशा मूळ संख्या ८७ आहेत. दोन आणि पाच यांचा निकाल शेवटच्या ७ या अंकावरूनच लागतो, आणि अंकांची बेरीज २६ येत असल्यामुळे तीनही बाद होतो. उरलेल्या ८४ संख्यांनी मात्र खरोखरच भागून पाहावे लागते. सातने भागले असता बाकी ४ उरते, तेराने ३, एकोणिसाने २. अकराने भागले तर बाकी १. सतराने भागले तरी १. आणि पुढे पुष्कळ अंतर तोडून २७७ पर्यंत आलो की पुन्हा बाकी १ च. या तीन ठिकाणी भाग जाता जाता राहिला, असे वाटून मन थोडे चुटपुटते. पण त्याचे कारण संख्येतच आहे. तिच्या अलीकडची संख्या २,०७,१९६ ही ४ × ११ × १७ × २७७ इतकी आहे, म्हणून यांपैकी कोणत्याही अवयवाने आपल्या संख्येला भागले की एकच उरणार. ४४९ ही यादीतील शेवटची मूळ संख्या. तिने भागले असता २०८ उरतात, आणि रुजुवात संपते. एकाही संख्येने भाग गेला नाही. २,०७,१९७ ही मूळ संख्या आहे.

म्हणजे आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या = २ × २ × २ × २,०७,१९७. हे अवयव कोणत्याही क्रमाने मांडा, कोणत्याही रीतीने शोधा, निष्पत्ती हीच; प्रत्येक पूर्ण संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा अंकगणिताचा पाया आहे. या संख्येचे विभाजक केवळ आठ : १, २, ४, ८, २,०७,१९७, ४,१४,३९४, ८,२८,७८८ आणि ती स्वतः. इतकी मोठी संख्या, पण समसमान वाटण्या करावयास बसले तर आठानंतर थेट दोन लाखांच्या पलीकडे जावे लागते. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात तिला भागू शकणारी एकही संख्या नाही.

आणि हे सर्व किती नाजूक आहे पाहा. त्या मध्यरात्री जिल्ह्यात एक मनुष्य कमी भरला असता तर दप्तरात १६,५७,५७५ ही संख्या आली असती, आणि तिचे अवयव ३ × ३ × ५ × ५ × ५३ × १३९ असे पडतात. विभाजक मोजले तर छत्तीस. लोकसंख्येचा वापर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन संख्यांत तफावत नाही म्हटले तरी चालेल. गणिताच्या दृष्टीने मात्र त्या एकमेकींच्या शेजारी राहूनही परस्परांना ओळखत नाहीत. किंबहुना शेजारच्या दोन संख्यांत एकाहून मोठा असा एकही समाईक विभाजक असूच शकत नाही.

शेजाराचा विषय निघालाच आहे तर २,०७,१९७ चा उजवीकडचा शेजारही पाहण्याजोगा आहे. २,०७,१९८ ही सम संख्या. तिचे अवयव २ × ३ × ३ × ३ × ३ × १२७९. तिच्या पलीकडे २,०७,१९९. वर सांगितलेल्या ८४ भागाकारांत जेथे जेथे बाकी भाजकाहून दोनाने कमी आली असेल तेथे या नव्या संख्येला भाग जाईल, म्हणून पुन्हा नव्याने भागत बसण्याची गरज नाही, जुन्याच बाक्यांवरून नजर फिरवली की झाले. आणि तशी बाकी कोठेही सापडत नाही. दोन, तीन आणि पाच यांनीही भाग जात नाही. अर्थात २,०७,१९९ हीदेखील मूळ संख्या आहे! दोहोंत अवघे दोनाचे अंतर ठेवून उभ्या असणाऱ्या अशा मूळ संख्यांना जुळ्या मूळ संख्या म्हणतात : ३ आणि ५, ११ आणि १३, ४१ आणि ४३. संख्या मोठ्या होत जातात तशतशा मूळ संख्या विरळ होतात आणि जुळ्या तर त्याहून विरळ. अशा जोड्या अनंत आहेत की कोठेतरी संपतात, हे आजतागायत कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. नॉर्वेचे वीगो ब्रुन यांनी १९१९ साली दाखवले की, सर्व जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत गेले तर ती एका मर्यादेच्या आतच राहते. २०१३ साली यीतांग झांग यांनी, दोहोंतील अंतर सात कोटींहून अधिक नाही अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, एवढे सिद्ध केले, आणि वर्षभरात अनेकांच्या श्रमाने ती सात कोटींची मर्यादा २४६ पर्यंत खाली आली. दोनापर्यंत मात्र अद्याप कोणी पोहोचलेले नाही. ज्या प्रश्नापुढे जगातील श्रेष्ठ बुद्धी थबकून उभी आहे त्याचे एक उदाहरण आपल्या आठ तालुक्यांच्या सरासरीत निघावे, याचा मला मनापासून आनंद होतो.

इथवर सांगितलेले गुण संख्येचे स्वतःचे आहेत. ती मराठी आकड्यांत लिहा, रोमन पद्धतीने लिहा, वा तितके खडे मांडून ठेवा, ते बदलत नाहीत. गुणांचा दुसरा एक वर्ग आहे तो आपल्या दशमान लेखनपद्धतीतून उत्पन्न होतो, आणि त्या वर्गाचा विचार करताना महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीस शिक्षकाची नोकरी केली, आणि गणितातील उच्च पदवी नसताना, केवळ आवडीने आणि चिकाटीने, अंकांच्या रचनेतील असे नियम शोधून काढले की, १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या अमेरिकेतील विख्यात सदरात त्यांची ओळख करून दिल्यावर जगभर त्यांचे नाव झाले. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक बहुतेकांना ऐकून माहीत असतो. आपल्या आजच्या कामाच्या आहेत त्या त्यांच्या दुसऱ्या दोन कल्पना.

पहिली देवळाली संख्येची. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा : २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८ होतात. म्हणजे २३ ही २८ ची जनक. ज्या संख्येला असा जनकच नाही, जसे २०, ३१ किंवा ४२, ती देवळाली संख्या. मग १६,५७,५७६ ला जनक आहे काय? जनकाच्या अंकांची बेरीज जर स धरली, तर जनक १६,५७,५७६ मधून स वजा केल्यावर मिळणार. कोणत्याही संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला नवाने भागले असता बाकी सारखीच उरते. या जुन्या नियमावरून स ला नवाने भागल्यावर ५ उरले पाहिजेत असे निघते. सात अंकांची बेरीज ६३ च्या वर जात नाही, म्हणून स ला ५, १४, २३, ३२, ४१, ५०, ५९ एवढ्याच किमती संभवतात. त्याप्रमाणे सात उमेदवार मिळतात : १६,५७,५७१, १६,५७,५६२, १६,५७,५५३, १६,५७,५४४, १६,५७,५३५, १६,५७,५२६, १६,५७,५१७. आता यांच्या अंकांची बेरीज करून पाहावी. सातही ठिकाणी ती ३२ च येते! त्यामुळे ज्याच्या वाट्याला स = ३२ आला आहे तो मधला उमेदवार तेवढा खरा : १६,५७,५४४ + ३२ = १६,५७,५७६. आपली संख्या देवळाली संख्या नव्हे. तिला जनक आहे, आणि तो एकच आहे.

दुसरी कल्पना हर्षद संख्येची. हे नावही कापरेकरांनीच दिलेले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद. १६,५७,५७६ च्या अंकांची बेरीज ३७ आहे, आणि ३७ ने भागता १३ उरतात. तेव्हा एकूण लोकसंख्या हर्षद नाही. पण त्या एकूण बेरजेखाली खानेसुमारीने आणखी दोन संख्या दिल्या आहेत : पुरुष ८,६१,५३५ आणि स्त्रिया ७,९६,०४१. पुरुषांच्या संख्येतील अंकांची बेरीज २८ भरते, आणि विषम संख्येला २८ ने भाग जाणे शक्यच नाही. स्त्रियांच्या संख्येतील अंकांची बेरीज ७ + ९ + ६ + ० + ४ + १ = २७; आणि ७,९६,०४१ भागिले २७ बरोबर २९,४८३, बाकी शून्य. जिल्ह्यातील स्त्रियांची संख्या हर्षद आहे.

हा आनंद आपल्या लेखनपद्धतीने दिलेला आहे हे विसरता कामा नये. दहाऐवजी बाराच्या पायावर आपण आकडे लिहीत असतो तर हीच संख्या हर्षद राहिली असती असे नाही. याच दोन संख्यांची वजाबाकी केली तर ६५,४९४ येतात, म्हणजे दर हजार पुरुषांमागे ९२४ स्त्रिया. ही उणीव कोणत्याही पायावर लिहिली तरी तेवढीच राहते, आणि ती अंकांच्या सौंदर्यात हरवू द्यावी असे मला वाटत नाही. संख्या वाचताना तिच्यातील गणित आणि तिने मोजलेली माणसे, दोहोंकडे एकाच वेळी लक्ष ठेवण्याची सवय लागली पाहिजे.

आता पुन्हा संख्येच्या स्वतःच्या गुणांकडे वळू, कारण सर्वांत सुंदर गुण मी राखून ठेवला होता. पिएर द फर्मा या फ्रेंच न्यायाधिकाऱ्याने, गणित ही ज्याची फावल्या वेळची उपासना होती, १६४० साली मर्सेन यांस लिहिलेल्या पत्रात असे प्रतिपादन केले की, ज्या मूळ संख्येला चाराने भागल्यावर १ उरतो ती दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येते, आणि एकाच प्रकारे मांडता येते. सिद्धता मात्र अठराव्या शतकाच्या मध्यास ऑयलर यांनी दिली. उलट बाजू सोपी आहे : कोणत्याही वर्गाला चाराने भागले तर ० किंवा १ च उरतो, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेत ३ उरणे अशक्य. २,०७,१९७ चे शेवटचे दोन अंक ९७. चाराने भागता १ उरतो. तिची जुळी २,०७,१९९. तेथे ३ उरतात. जोडीतील एक दोन वर्गांत विभागली जाते आणि दुसरी कधीही नाही.

ते दोन वर्ग शोधावे कसे? वर्गाचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६, ९ यांपैकीच असतो, आणि यांतील दोन घेऊन शेवटी ७ आणावयाचे तर १ आणि ६ हीच जोडी जुळते. तेव्हा एका मूळाच्या शेवटी १ वा ९ असणार, दुसऱ्याच्या ४ वा ६. शिवाय आपल्या संख्येला तीनाने भागल्यावर २ उरतात. वर्गाला तीनाने भागल्यावर ० किंवा १ उरतो. म्हणून दोन्ही मूळे तीनाच्या पाढ्याबाहेरची हवीत. एवढ्याने ४५५ पर्यंतच्या विषम संख्यांतील सुमारे साठ उमेदवार शिल्लक राहतात, आणि एकेकाचा वर्ग वजा करीत ९१ पाशी आलो की वाट मोकळी होते. ९१ चा वर्ग ८,२८१. वजा केल्यावर उरतात १,९८,९१६. आणि हा ४४६ चा वर्ग आहे. २,०७,१९७ = ४४६² + ९१².

येथून सबंध जिल्ह्याच्या संख्येपर्यंत जाण्यास ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र उपयोगी पडते : दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणले तर गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच असतो. दोन म्हणजे १² + १². त्याने गुणताना ४४६ आणि ९१ यांची बेरीज ५३७ व वजाबाकी ३५५ घ्यावी; ५३७² + ३५५² = ४,१४,३९४, म्हणजे मूळ संख्येची दुप्पट. राहिला चार हा गुणक. तो स्वतःच वर्ग असल्यामुळे दोन्ही मूळे दुप्पट केली की काम झाले. १०७४ चा वर्ग ११,५३,४७६. ७१० चा वर्ग ५,०४,१००. बेरीज १६,५७,५७६.

२०११ सालच्या १ मार्चला जिल्ह्यातील सर्व माणसे, परंड्यापासून उमरग्यापर्यंतची, एखाद्या विस्तीर्ण माळावर पंगतीस बसवली असती, तर एका चौकात १०७४ ओळी व प्रत्येक ओळीत १०७४ पाने, आणि दुसऱ्या चौकात ७१० ओळी व प्रत्येक ओळीत ७१० पाने मांडून दोन्ही चौक काठोकाठ भरले असते. एकही पान रिकामे राहिले नसते आणि एकही मनुष्य उभा राहिला नसता. दोन चौरस पंगतींची अशी मांडणी याखेरीज दुसरी कोणतीही नाही. चौकांची लांबी एका ओळीने जरी कमीजास्त केली तरी हिशोब मोडतो. ती एकच का, हे फर्माच्या विधानातील 'एकाच प्रकारे' या शब्दांवर अवलंबून आहे, आणि त्याची सिद्धता पुढील लेखांकात पाहू. तोवर वाचकांनी २००१ सालच्या १४,८६,५८६ या संख्येचे अर्धे करून, तेथे चाराने भागल्यावर काय उरते, एवढे पाहून ठेवावे.